मदत हवी आहे: शिबिराला बायका येत नाहीत

शाहूवाडीकर: शनिवारी शिबीर. हातात चार दिवस. गेल्या खेपेला दीडशेची तयारी केली, आल्या एकोणीस. वाडीवरची एक नाही. पोस्टर, दवंडी, रिक्षा फिरवून झाली. काय करू? लवकर सांगा.

पंचगंगाकाठ: कसलं शिबीर? रक्तदान?

शाहूवाडीकर: कॅन्सर तपासणीचं हो. गर्भाशयाच्या तोंडाचा. तिशीच्या पुढच्या.

तांबडापांढरा: आधी मशेरी बंद करा. आमच्या आत्तीच्या गालात गाठ आलती.

पंचगंगाकाठ: भावा, गर्भाशयाचं तोंड म्हणालेत ते.

रंकाळावाली: वेळ काय ठेवलीय?

शाहूवाडीकर: दहा ते दोन.

रंकाळावाली: मग भांगलणीचा रोज बुडवून कोण येणार? डेअरीला दूध घातल्यावर ठेवा, संध्याकाळी. हळदीकुंकू जोडा, बघा कशी गर्दी होतीय.

निवृत्त_सिस्टर: आणि विधवांनी काय करायचं? त्यांना काय गर्भाशय नसतं?

रंकाळावाली: हेरवाडनं 2022 ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केलाय, सिस्टर. कोल्हापूर जिल्हाच आहे.

निवृत्त_सिस्टर: यांच्या वाडीत केलाय का, ते विचारा. पोस्टरचंही सांगते. टाटा कॅन्सर हॉस्पिटलनं मुंबईच्या झोपडपट्टीत 1998 पासून दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून हीच तपासणी केली. पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग येतोय का बघायचं. नुसतं प्रबोधन मिळालेल्या वस्त्यांपेक्षा या आजाराचे मृत्यू 31 टक्के कमी झाले. घरोघरी जावं लागतं.

तांबडापांढरा: मुंबईवरनं आठवलं, कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट फुकट असतंय. सोबत्यालाही सवलत आहे.

पंचगंगाकाठ: विचारलंय कुणी?

निवृत्त_सिस्टर: शाहूवाडीकर, ते एकोणीसवालं पहिलंच शिबीर होतं का?

शाहूवाडीकर: नाही, त्याआधी एक झालेलं. तेव्हा शंभरावर आलत्या.

निवृत्त_सिस्टर: हे आत्ता सांगताय! मग त्या दिवशी काय झालं?

शाहूवाडीकर: काही नाही. पाच जणींना पुढच्या तपासणीला थांबवायचं होतं. गर्दी फार, म्हणून नावं माइकवर पुकारली.

निवृत्त_सिस्टर: अहो, डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे. पण गावानं काय समजायचं ते समजून घेतलं असणार. कोण बाई माइकवर नाव ऐकायला येईल? पुढच्या तपासणीला गेल्या का त्या पाचजणी?

शाहूवाडीकर: दोघी गेल्या. काही निघालं नाही.

निवृत्त_सिस्टर: मग त्या दोघींना सोबत घ्या. आशाताईबरोबर आजच वाडीवर जावा. आधी माफी मागा, शनिवारचं नंतर बोला.

शाहूवाडीकर: त्यातली एक माझी चुलती आहे. तेव्हापास्नं बोलत नाही माझ्याशी.