मदत हवी आहे: म्हातारा कुत्रा आणि ओकचं फ्लोअर, कोणतं फिनिश द्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. खालच्या मजल्यावर सगळीकडे रेड ओकच्या पाऊण इंची फळ्या आहेत. मे महिन्यात सँडिंग करून नवं फिनिश द्यायचं ठरवलंय, पण दोन कंत्राटदारांनी दोन वेगळी मतं दिल्यामुळे अडकलेय.

आमचा मोती लॅब्रॅडोर आहे, ११ वर्षांचा, ३२ किलोचा. मागच्या पायांत आता जोर राहिला नाही. सकाळी उठायला जातो तेव्हा ते पाय हळूहळू बाहेर फाकतात, नखं फळीवर खरडतात, आणि मग तो तसाच बसून माझ्याकडे बघत राहतो. पोटाखालून टॉवेल घालून मी त्याला उभा करते.

शिवाय मागच्या दाराजवळ ताटाएवढा काळा डाग आहे. बर्फाच्या रात्री त्याला बाहेर जाववत नाही, आणि दोनदा आम्हाला ते सकाळीच कळलं. ओकमधलं टॅनिन (लाकडातला नैसर्गिक तुरट घटक) लघवीतल्या अमोनियाने काळं पडतं. हा डाग घासून जाणार नाही, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिकट होईल, नाहीतर तेवढ्या फळ्या बदला, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

लाकूडच बदलावं का, हेही पाहिलं. जँका तक्त्यात (लाकडाचा टणकपणा मोजणारा तक्ता, आकडा मोठा तितकं लाकूड टणक) रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६० आणि हिकरी १८२०. पण लाकूड कितीही टणक घेतलं तरी नखांचे ओरखडे आधी वरच्या फिनिशवरच उठतात. पुन्हा घासता येईल अशी चांगली जाड फळी उखडून टाकायला माझं मन घेत नाही.

एक जण म्हणतो, हार्डनर घालून लावायचं दोन घटकांचं वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन (वार्निशसारखा वर थर धरणारं) घ्या. ते चिवट असतं, ओल वरच अडवतं. पण खोल ओरखडा पडला तर तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त होत नाही. दुसरा हार्डवॅक्स ऑइल (तेल आणि मेणाचं मिश्रण) सुचवतो. ते लाकडात मुरतं आणि खराब झालेली जागा घासून पुन्हा तेल देता येतं. मात्र रात्रभर राहिलेल्या लघवीपुढे ते टिकेल याचा मला भरवसा वाटत नाही. चकाकी नको, मॅटच हवं, हे माझं पक्कं आहे. ग्लॉसवर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो.

ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा आहे आणि यातलं एक फिनिश दोन-तीन वर्षं वापरात आहे, त्यांनी कृपया सांगा: पायाला पकड कशावर जास्त मिळते?

आणि दुसरी, त्याहून मोठी अडचण. सध्या मोती एका रगवरून दुसऱ्या रगवर असाच घरभर फिरतो. नवं पॉली पूर्ण कडक होईपर्यंत एक-दोन आठवडे रग टाकायचे नाहीत म्हणतात. रबरी पाठीचे तर नंतरही नकोत, त्यांनी फिनिशचा रंग बदलतो. त्या दिवसांत तुम्ही कुत्र्याला कुठे ठेवलंत? बोर्डिंगमध्ये तो जेवत नाही, आणि जिना चढणं त्याला आता जमत नाही.