अनुभव धागा: 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' बँडवर बसवताना

जुनी कॅसेट (धागाकर्ता)

ब्रायन ॲडम्सचं हे गाणं आपल्याकडे कॉलेज फेस्टिव्हलांत आणि गोव्यातल्या लग्नांत अजूनही हमखास वाजतं. कॉर्ड सोप्या आणि गाणं सगळ्यांना पाठ, म्हणून त्याची तालीमच होत नाही, आणि स्टेजवर ते एकसुरी गोंगाट होऊन बसतं. गिटार, ड्रम, बेस, गळा, साउंड यांपैकी ज्याचा हात ज्यावर बसला आहे त्याने त्याबद्दल बारकाईने लिहावं. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत. इथे काय करायचं, काय बिघडतं आणि का, एवढंच हवं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण वाजवताना तो उपयोगी पडतो. गाणं ॲडम्स आणि जिम व्हॅलन्स या जोडीचं. दोघंही कॅनडाचे. लिहिलं १९८४ मध्ये, व्हॅलन्सच्या व्हँकूव्हरमधल्या घरच्या स्टुडिओत. कच्च्या स्वरूपात त्याचं नाव होतं 'बेस्ट डेज ऑफ माय लाइफ'. ही ओळ गाण्यात पुन्हा पुन्हा येत होती आणि १९६९च्या उन्हाळ्याचा उल्लेख होता जेमतेम एकदा. पुढे तो उल्लेख वाढवला आणि नावही बदललं.

मग सुरू झाली खरी झटापट. मांडणी तीन वेगवेगळ्या प्रकारे रेकॉर्ड झाली. एका मांडणीत गाण्याच्या मध्यावर येणारी बारा तारांच्या गिटारीची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) अगदी सुरुवातीला होती. दुसरीत पहिल्या ओळीच्या आधीच सगळा बँड जोरात घुसत होता. शेवटी हे दोघे घरी केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगकडे परतले: एकटी दाबून वाजवलेली गिटार आणि तिच्यावर आवाज. गाणं अल्बममध्ये घ्यावं की नाही, याचीही ॲडम्सला खात्री नव्हती.

'रेकलेस' हा अल्बम नोव्हेंबर १९८४ मध्ये आला. निर्मिती ॲडम्स आणि बॉब क्लिअरमाउंटन यांची, रेकॉर्डिंग व्हँकूव्हरच्या लिटल माउंटन साउंडमध्ये. हे गाणं सिंगल म्हणून निघालं जून १९८५ मध्ये आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच अल्बममधलं 'हेवन' पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. ब्रिटनमध्ये मात्र हे गाणं तेव्हा पहिल्या चाळिसांतही आलं नाही.

यातून माझं मत असं की या गाण्याचा जीव आवाज कुठे रोखायचा आणि कुठे सोडायचा यात आहे. लिहिणाऱ्यांनी त्यासाठीच तीनदा डाव मोडला.

डाउनस्ट्रोक

सुरुवातीच्या गिटारबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के चुका तिथेच होतात.

डीची पॉवर कॉर्ड (दोनच सुरांची कॉर्ड) पाचव्या तारेच्या पाचव्या परद्यावर, म्हणजे फ्रेटवर, आणि चौथ्या तारेच्या सातव्या परद्यावर धरा. ए कॉर्डसाठी हाच आकार एक तार वर सरकवायचा: सहाव्या तारेचा पाचवा परदा, पाचव्या तारेचा सातवा. परदे तेच राहतात, त्यामुळे डावा हात जवळजवळ हलत नाही. सगळं काम उजव्या हाताचं आहे.

सगळे स्ट्रोक खाली, आठव्या मात्रांचे, म्हणजे एका ठोक्यात दोन. वर-खाली वाजवलं तर वर जाणारा स्ट्रोक हलका पडतो आणि गाणं लंगडतं. तळहाताची कड गिटारीच्या ब्रिजच्या (तारा जिथे बसवतात त्या पट्टीच्या) अगदी काठावर टेकवा. अर्धा सेंटीमीटर पुढे सरकली तर सूर मरतो आणि नुसती टकटक ऐकू येते, मागे सरकली तर तार मोकळी होते. दाब पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवा.

पिक ०.८८ ते १ मिमी. पातळ पिक या वेगात तारेवर वाकतं आणि मागे राहतं. गेन (ॲम्पवर आवाज फाटका करणारं बटण) तुम्हाला खोलीत आवडतो त्याच्या अर्ध्यावर आणा. दाबून वाजवलेली तार जास्त गेनवर गुरगुरते, आणि पुढे कॉर्ड मोकळी केल्यावर फरकच पडत नाही. तो फरक हेच तर हवं आहे.

'ओ, व्हेन आय लुक बॅक नाऊ' येताच तळहात उचलायचा. बी मायनर, ए, डी, जी. इथे पूर्ण कॉर्ड, पूर्ण तारा. हात एका मात्रेनेही आधी उचलला तर मजा जाते.

ठोकताल

वेग मिनिटाला साधारण १३९ ठोके. रेकॉर्डवर पॅट स्टुअर्डने वाजवलं आहे, आणि त्याचं वाजवणं किती साधं आहे हे हेडफोन लावून ऐका.

स्टेजवर हे गाणं १४५-१५० ला पळतं. लोक गायला लागतात, गिटारवाला जोशात येतो आणि ड्रमर त्यांच्यामागे जातो. मग गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. उपाय एकच, कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक. ती जमत नसेल तर सुरुवात करण्याआधी फोनवरच्या मेट्रोनोमचा लुकलुकणारा दिवा चार मोजून पाहा. गिटार एकटी सुरू करते, म्हणजे वेग तिच्याच हातात असतो. तेव्हा दिवा तिलाही दिसू द्या.

कडव्यात हाय-हॅट (पायाने मिटायच्या झांजा) घट्ट बंद, स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम) दोन आणि चारवर. फिल (मधली जागा भरणारे जादा ठोके) करायची जागा आली असं प्रत्येक ओळीनंतर वाटतं. तो मोह आवरा. भरगच्च फिल ब्रिजमधून, म्हणजे गाण्याच्या मधल्या वेगळ्या चालीच्या भागातून, बाहेर पडताना द्या, तिथे ते शोभतं.

पांढरी दोन

मी किबोर्ड वाजवते आणि गायकांना सूर काढून देते, म्हणून त्या बाजूने.

मूळ पट्टी डी मेजर, म्हणजे आपली पांढरी दोन. कडवं आणि मुखडा सरळ बिलावल थाटात आहे. ब्रिजमध्ये मात्र एफ, बी फ्लॅट, सी या कॉर्ड येतात. डीला षड्ज मानून या तिन्हींचे स्वर मोजा: कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद, आणि बाकी शुद्ध. हा झाला आसावरी थाट. 'सुरावट अचानक उदास का होते' याचं उत्तर एवढंच आहे. इतका वेळ कानात बसलेला शुद्ध गंधार गायब होतो, आणि डी परत आली की तो परत येतो.

गायक इथेच घसरतात. तोंडात शुद्ध गंधार बसलेला असतो आणि खाली एफ कॉर्ड वाजत असते, मग अर्ध्या सुराचा खटका कानाला बोचतो. तालमीत ब्रिजच्या आधी दोन मिनिटं फक्त सा रे कोमल ग म प गाऊन घ्या. परत डीवर आल्यावर सा रे ग म प. पेटीवर केलं तर अजून चांगलं.

पट्टी खाली आणायची असेल तर सगळ्या गिटारी आणि बेस अर्धा सूर उतरवून घ्या, बोटांचे आकार तेच राहतात. बायकांच्या आवाजाला पुष्कळदा जी, म्हणजे पांढरी पाच, बरी पडते. त्यासाठी पाचव्या परद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारी पकड) लावून डीचेच आकार वाजवा. किबोर्डवर ट्रान्सपोझचं बटण वापरत असाल तर पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणा. भर कार्यक्रमात सर्वांत जास्त घात तेच करतं.

चौतारी

बेसवाल्यांना लोक सांगतात, 'दोनच कॉर्ड आहेत, काय कठीण आहे?' कठीण आहे ते सगळ्या नोटा सारख्या लांबीच्या वाजवणं. आठव्या मात्रांत मूळ सूर धरून चालायचं आणि प्रत्येक सूर पुढच्याला टेकेपर्यंत टिकवायचा.

ए वाजवताना ए तार मोकळी सोडू नका: जाड ई तारेचा पाचवा परदा धरा. मोकळी तार पुढची कॉर्ड चालू झाल्यावरही वाजत राहते आणि खाली चिखल होतो. बोटाने दाबलेली तार बोट उचललं की थांबते. बाकी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि तुमचा पहिला ठोका एकत्र पडतो का, एवढं ऐका.

मांडवीकाठ

@डाउनस्ट्रोक, तुम्ही बारा तारांच्या रिफबद्दल लिहिलं नाही, तिथे निम्म्या बँडची पंचाईत होते.

लग्नाच्या कार्यक्रमाला कुणी बारा तारांची गिटार उचलून नेत नाही. तीन मार्ग आहेत. पहिला, कोरस पेडल (एका गिटारीचा आवाज दोन-तीन गिटारींसारखा करणारं): रेट अगदी कमी, डेप्थ मध्यम. रेट वाढवला की आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो. दुसरा मार्ग, दोन गिटारवाले असतील तर एकाने तीच रिफ एक सप्तक वर वाजवायची. तिसरा मला सर्वांत आवडतो. एका साध्या गिटारीच्या चार जाड तारा काढून तिथे बारा तारांच्या संचातल्या बारीक, सप्तकभर वरच्या तारा लावायच्या. मूळ गिटार तशीच ठेवून दोन्ही एकत्र वाजवल्या की बारा तारांचा भास पक्का होतो. मात्र त्या गिटारीवर दुसरं काही वाजवता येत नाही, म्हणून एक जास्तीची गिटार लागते.

रिफ वाजवताना डी आणि ए या मोकळ्या कॉर्ड धरून एकेक तार सुटी छेडा, आणि कॉर्ड बदलेपर्यंत बोटं उचलू नका. सूर एकमेकांवर रेंगाळले पाहिजेत. ब्रिजसाठी बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेल्या) जड जात असतील तर पॉवर कॉर्ड चालतात: एफ सहाव्या तारेच्या पहिल्या परद्यावर, बी फ्लॅट पाचवीच्या पहिल्या, सी पाचवीच्या तिसऱ्या.

आणखी एक, पावसाळ्यात किनाऱ्यावर अकूस्टिक गिटारीचं लाकूड ओल पिऊन फुगतं आणि तारा परद्यांपासून उंच जातात. गिटारीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला.

साउंडचेक

मिक्सरच्या बाजूने. गिटारींना १०० हर्ट्झच्या खाली कापा. दाबून वाजवलेल्या पॉवर कॉर्डचा ढुबढुबाट तिथेच साठतो आणि किक, बेस दोन्ही झाकतो. गायकालाही १०० च्या आसपास लो-कट द्या, म्हणजे त्याखालचा आवाज कापा. आवाजाची स्पष्टता २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते आणि गिटारीही तिथेच ओरडतात. म्हणून आवाज वाढवत बसण्यापेक्षा गिटारी त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली आणा.

आवाजावर डिले (प्रतिध्वनी) द्यायचा असेल तर १३९ च्या वेगाला एक ठोका साधारण ४३२ मिलिसेकंदांचा होतो, अर्धा २१६. या आकड्यांवर ठेवा. अंदाजाने ठेवलेला डिले तालाला धक्के देतो. कडव्यात डिले बंदच ठेवा.

मुखड्यात गायक जोर लावतो. कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) ३:१ किंवा ४:१, मोठ्या सुरांवर पाच-सहा डेसिबल दाबलं जाईल असा. त्याहून जास्त दाबलंत तर कडवं आणि मुखडा एकाच उंचीवर येतात, आणि वर धागाकर्त्याने जे सांगितलं त्यावर पाणी पडतं. म्हणजे बँडने नीट वाजवूनही गाणं साउंडवाल्याकडून सपाट होऊ शकतं.

अकूस्टिक गिटार डीआय बॉक्समधून (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) घ्या. घुंई आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायची पद्धत काही मंडपांत दिसते. ती जिवावर बेतते, कारण गिटारवाल्याचा हात तारेवर आणि ओठ माइकला असतात.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तो दिवस आहे का हे आयोजकाला आधी विचारा. हे गाणं शेवटासाठी राखून ठेवण्याची सवय आहे, आणि सूत्रसंचालन लांबलं की नेमकं तेच कापलं जातं. साडेनवाच्या आत घ्या.

परवाना

थोडं कागदपत्रांबद्दल. कार्यक्रमात वाजवायला शब्द आणि चाल यांचा परवाना लागतो. तो आपल्याकडे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडून आयोजकाने घ्यायचा असतो. बँडने करारात तसं लिहून घ्यावं.

स्वतः गाऊन रेकॉर्ड करायचं असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी वाचा. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की कव्हर करता येतं, पण आधी सूचना आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींइतकी रॉयल्टी द्यावी लागते. शब्दांत, चालीत मोकाट बदल चालत नाहीत. व्हिडिओसोबत जोडण्याची परवानगी वेगळी.

जुनी कॅसेट

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. सालाबद्दल निरोपातून विचारणा आली म्हणून: ॲडम्सचा जन्म नोव्हेंबर १९५९ चा, त्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता. व्हॅलन्स १७ वर्षांचा होता. ॲडम्सने नंतर अनेकदा सांगितलं की आकडा सालाचा नाही, प्रणयाचा आहे. व्हॅलन्स साल म्हणूनच धरतो, आणि जॅक्सन ब्राउनच्या एका गाण्यातल्या सालांच्या उल्लेखाचं नाव घेतो. गायचं असेल तर मला व्हॅलन्सची बाजू पटते. बँड सुटणं, मित्रांची लग्नं होणं हे सगळं सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातलं आहे, आणि गायकाने ते तसं मनापासून गावं.

ठोकताल

एक राहिलं: शेवट. रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं, स्टेजवर ते करता येत नाही. ठरवलं नाही तर ड्रमर थांबतो आणि गिटार चालू राहते. आमच्या हिशेबाने शेवटची रिफ चार वेळा, चौथ्या वेळी ए कॉर्डवर पूर्ण थांबा, गायकाने ओळ एकट्याने म्हणायची, मग स्नेअरचे दोन ठोके आणि सगळ्यांनी डी. तिथून क्रॅश (मोठी झांज) हाताने दाबून बंद.

पांढरी दोन

@ठोकताल, त्या थांब्यावर किबोर्डनेही हात उचलायचा. सस्टेनचा पेडल दाबलेला राहिला तर ए कॉर्ड गायकाच्या ओळीखाली लोंबत राहते.