शब्दचर्चा : ‘रेडिओसर्जरी’ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर :
रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय. विषय, रक्ताच्या कर्करोगामुळे कवटीच्या तळाशी झालेल्या गाठीवर रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता बाहेरून नेमके किरण सोडून केलेला उपचार. ‘किरण-शस्त्रक्रिया’ असं लिहिलं, तर बायको म्हणाली, “म्हणजे डोकं उघडणार का?” शिवाय रक्ताच्या कर्करोगाची गाठ कशी, हाही तिचा प्रश्न. सुचवा.

तळटीप :
गाठीचं आधी. प्लाझ्मा पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) राहतात, त्यांचा कर्करोग म्हणजे मायलोमा. कधी या पेशी एकाच ठिकाणी वाढून हाड पोखरतात आणि गाठ धरतात, ती प्लाझ्मासायटोमा. मणक्यात जास्त, कवटीच्या तळाशी क्वचित. तिथे क्लायव्हस नावाच्या हाडाला लागून सहावा मज्जातंतू जातो. तो दबला की डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही आणि एकाचे दोन दिसू लागतात. रुग्ण चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. पत्रकात ‘रक्ताचा कर्करोग’ एवढंच न लिहिता ‘अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग’ असं एकदा तरी लिहाच.

पाणिनीचा_शेजारी :
सर्जरीच्या मूळ ग्रीक शब्दात हात आणि काम आहे, आपल्या शब्दात शस्त्र. शल्यचिकित्सेतलं शल्य म्हणजे रुतलेला काटा किंवा बाण, तो उपसून काढायचा. इथे हात, शस्त्र, उपसणं यातलं काहीच नाही. तिन्ही शब्द बाद.

तळटीप :
नावामागे माणूस आहे. लार्स लेक्सेल हे स्वीडनचे मेंदूचे सर्जन. त्यांनी 1951 मध्ये हा शब्द आणला आणि 1968 मध्ये स्टॉकहोममध्ये या उपचाराचं पहिलं यंत्र, गामा नाइफ, उभं केलं. हल्लीच्या यंत्रांत कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूच्या किरणांचे 192 झोत एका बिंदूवर जुळतात. एकेकटा झोत दुबळा, मार बसतो तो फक्त जुळणीच्या जागी. सर्जनने काढलेलं म्हणून सर्जरी, आणि नाइफ असून सुरी नाही!

सोलापूरकरीण :
आमच्या आत्याला किरणोपचार झाले तेव्हा वॉर्डात सगळे ‘शेक’च म्हणायचे. “किती शेक राहिले?” तोच शब्द घ्या की, सर्वांना कळतो.

तळटीप :
ताई, कळतो खरा, पण शेक म्हटलं की माणूस ऊब शोधतो. इथे काहीच जाणवत नाही. आणि शेक म्हणजे रोज थोडा थोडा. प्लाझ्मासायटोमाला नेहमीचा उपचार तोच, साधारण 40 ते 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), चार-पाच आठवडे, कारण या पेशी किरणांना लवकर नमतात. रेडिओसर्जरी एका बैठकीत, फार तर पाचात. लहान गाठ किंवा आधी शेक दिलेल्या जागी पुन्हा उगवलेली, अशा वेळी तिचा विचार होतो. दृष्टीचा मज्जातंतू अगदी लगत असला तर अवघड, कारण त्याला एका वेळी 8 ते 10 ग्रेपलीकडे सोसत नाही.

बोरूबहाद्दर :
मग ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’?

सोलापूरकरीण :
अहो, नको! आमच्याकडे त्याचा अर्थ कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन.

पाणिनीचा_शेजारी :
‘एकाग्र किरणोपचार’. झोत एका ठिकाणी जुळतात, म्हणून एकाग्र. कंसात देवनागरीतच ‘रेडिओसर्जरी’ ठेवा, डॉक्टर तेच म्हणणार.

तळटीप :
चालेल. खाली एक वाक्य टाका : ‘हा उपचार त्या गाठीपुरता आहे, मूळ आजाराची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळी.’ नाहीतर गाठ गेली म्हणजे कर्करोग गेला असं वाटेल. आणि काही यंत्रांत डोक्याला चार स्क्रूंची चौकट तेवढ्याच जागेला भूल देऊन बसवतात, तेही लपवू नका.

बोरूबहाद्दर :
क्रियापद राहिलं. गाठ ‘काढतात’ चुकीचं, ‘जाळतात’ भयंकर.

सोलापूरकरीण :
सूज बसते तशी ‘गाठ बसते’?

पाणिनीचा_शेजारी :
दोरीची गाठ बसली की सुटत नाही, ताई. उलटा अर्थ. ‘विरते’ बरं, त्यात सावकाशपणा आहे. हिलाही आठवडे-महिने लागतातच.

बोरूबहाद्दर :
‘विरते’ घेतलं. उद्या मसुदा टाकतो. ‘कवटीचा तळ’ला मात्र हात लावू नका, बायकोला तेवढं एकच कळलं होतं.