एमजीबीचं इंजिन परत उघडलंय, कॅमचं टायमिंग ठिपक्यांवर सोडू का?

गंगापूररोडची_एमजी:
नमस्कार मंडळी. १९६५ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसी, पाच बेअरिंगचा क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा). दादांची गाडी, ते गेल्यावर बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती, मागच्या वर्षी इंजिन करून घेतलं. बोर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) झिजलेला म्हणून बाहेर ग्राइंड करून आणला, टायमिंग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट पण नवीन. स्प्रॉकेटवरचे (चेनच्या दातेरी चाकांवरचे) जुळवणीचे ठिपके समोरासमोर बसवले होते, मी स्वतः बघितलंय. गाडी चालू झाली, आवाज पण छान, पण खालच्या आरपीएमला ताकदच नाही. मुंबईहून येताना कसारा घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि एका वळणाला तर पहिल्यावर यावं लागलं, त्या गिअरबॉक्सला पहिल्याला सिंक्रोमेश (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली सोय) नाही त्यामुळे चालत्या गाडीत टाकताना जो आवाज झाला तो अजून कानात आहे. पॉइंट, इग्निशन, दोन्ही एसयू कार्बोरेटर सगळं दोनदा तपासून झालं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला अगदी सारखं, पण कमी. मिस्त्री म्हणाले हेड (इंजिनाचा वरचा भाग) घासून प्लेन करताना जास्त गेलं त्यामुळे टायमिंग हललं असणार. आता हेड उतरवलंय, इंजिन स्टँडवर आहे, ठिपके अजून जिथल्या तिथे. पुढे काय बघू?

अँबी१४८९:
तुमच्या इंजिनाचा सख्खा भाऊ माझ्या दारात उभा आहे. अँबेसिडरचं १४८९ सीसी आणि तुमचं १७९८ दोन्ही बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज, त्यामुळे नाशिक-मुंबई टॅक्सीच्या काळातला कुठलाही जुना मिस्त्री हे इंजिन ओळखतो. पण हेडचं कारण मला पटत नाही. आपला कॅम ब्लॉकमध्ये आहे, चेन क्रँकपासून थेट कॅमला, मध्ये हेड येतच नाही. ओव्हरहेड कॅम असता तर हेड खाली आलं की कॅम मागे पडतो, ते खरं. इथे हेड प्लेन केलं तर कॉम्प्रेशन उलट वाढेल. चारही सिलिंडर सारखेच कमी आणि रिंगा नवीन, म्हणजे मला तर कॅमच उशिरा चालतोय असं वाटतं. इनटेक उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना आत घेतलेलं मिक्श्चर परत बाहेर ढकलतो, गेजवर आकडा कमी दिसतो आणि घाटात गाडी बसते. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे त्यामुळे इथे गेज मुंबईपेक्षा थोडा कमी दाखवणारच, पण घाट न चढण्याइतका नाही.

सातपूर_टूलरूम:
अँबीवाल्यांशी सहमत. बेटा, ठिपके म्हणजे सुरुवात, मोजमाप नाही. ठिपक्यांनी एवढंच कळतं की चेन बरोबर दातावर आहे. कॅम ग्राइंड करताना तो मशीनवर दोन-तीन डिग्री फिरवून धरला गेला तर सगळेच लोब (कॅमवरचे उंचवटे) एकदम सरकतात आणि ठिपके मात्र जुळलेलेच दिसतात. तुझे चारही सिलिंडर सारखे कमी आहेत म्हणून मला हीच शंका आधी येते.

हेड उतरवलेलं आहे हे फार बरं झालं. पहिलं काम खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) काढायचं. नुसता पिस्टन वर आलेला बघून ठरवू नको, वर आल्यावर तो काही डिग्री जवळपास हलतच नाही, तिथेच माणूस फसतो. ब्लॉकच्या स्टडवर १ नंबर सिलिंडरच्या आडवी एक जाड लोखंडी पट्टी टाक, मधून बोल्ट खाली सोड म्हणजे पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी बोल्टला टेकेल. क्रँकच्या पुढच्या टोकाला डिग्री व्हील (अंश कोरलेली चकती), पॉइंटरला वायर. क्रँक सुलटा फिरवून टेकव, वाच. मग उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकव, वाच. समज एकीकडे २२ आणि दुसरीकडे २६ आलं तर पॉइंटर २ डिग्री वाकव म्हणजे दोन्हीकडे २४ येईल, मग शून्य खरा. आणि पट्टी काढल्याशिवाय पुढे क्रँक फिरवू नको.

आता डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं) १ नंबरच्या इनटेकच्या पुशरॉडवर (कॅमची हालचाल वर रॉकरला नेणारी दांडी). व्हॉल्व्ह पुढून एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट आणि परत तसेच, म्हणजे पुढून दुसरा. डायलची दांडी पुशरॉडच्या सरळ रेषेत हवी, तिरकी असेल तर सगळे आकडे खोटे. टॉपला डायल शून्य कर, मग टॉपच्या ०.५ मिमी खाली चढताना व्हील वाच आणि ०.५ मिमी खाली उतरताना वाच. दोन्हीची बेरीज भागिले दोन म्हणजे लोबचा मध्य. स्टँडर्ड एमजीबी कॅम १६-५६-५१-२१ चा आहे, म्हणजे इनटेक टीडीसीच्या १६ आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो तो बिंदू) ५६ ला बंद होतो. एकूण २५२, निम्मे १२६, त्यातून १६ गेले, मध्य ११० ला यायला पाहिजे. उघडण्या-बंद होण्याच्या बिंदूंवर जाऊ नको, तिथे लिफ्ट इतकी हळू बदलते की क्लिअरन्स जरा इकडेतिकडे झाला तरी पाच-सात डिग्रीचा फरक पडतो. आणि हे मोजताना क्रँक फक्त सुलट्या दिशेने. आकडा पुढे गेला तर पाव फेरी मागे जाऊन परत ये, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजण्यात येतो. टेन्शनर सोडलेला, म्हणजे चेनवर दाब देत असलेला पाहिजे.

गंगापूररोडची_एमजी:
काका, तुम्ही सांगितलं तसं शनिवारी दिवसभर केलं. अंबडला मित्राचं जॉबवर्कचं शॉप आहे तिथून डायल आणि मॅग्नेटिक स्टँड आणला. तीन वेळा मोजलं. चढताना ८४, उतरताना १४८. एकदा फक्त १४७ आलं. म्हणजे मध्य ११६?? दादा कायम म्हणायचे गाडी वाईट नाही, ती नीट जुळवलेली नाही, त्यांचंच बरोबर होतं.

सातपूर_टूलरूम:
हो, ११६. क्रँकचे ६ डिग्री उशीर, तेवढ्यात कसारा घाट जड जातोच. दात बदलून भागणार नाही, ३६० ला क्रँक स्प्रॉकेटच्या दातांनी भागून बघ, एक दात म्हणजे किती मोठी उडी ते कळेल. कॅम स्प्रॉकेटला ऑफसेट की (स्प्रॉकेट दांड्यावर जरासं सरकवून धरणारी चावी) लावायची. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून ६ क्रँक डिग्री म्हणजे कॅमवर ३. तयार की घेताना डिग्री क्रँकची की कॅमची ते विचारून घे. नाही मिळाली तर अंबड-सातपूरमध्ये वायरकटवाले (तारेने धातू कापणारे) तासाभरात करून देतील, फक्त त्यांना स्टील चांगलं वापरायला सांग. ती उलटी बसली तर ११६ चं १२२ होईल, घाबरू नको, काढून उलट बाजूने बसव. बसवून झाल्यावर परत पूर्ण मोजायचं, कीवर विश्वास ठेवायचा नाही. उघडलंच आहेस तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का तेही सरळपट्टीने बघ, क्रँक स्प्रॉकेटमागे शिम (पातळ चकत्या) असतात.

अँबी१४८९:
एक विचारायचं राहिलं, कॅम ग्राइंड केला तेव्हा टॅपेट (लोबवर चालणारे, पुशरॉडखालचे भाग) नवीन टाकले होते का? जुन्या टॅपेटवर ग्राइंड केलेला कॅम चालवलात तर लोब खाऊन जाईल. बाजूची झाकणं काढली की टॅपेट बाहेर येतात. आणि कॅम हलवला की डिस्ट्रिब्युटर पण हलतो कारण तो कॅमवरूनच फिरतो, इग्निशन परत सेट करावं लागेल. १ नंबर फायरिंगवर आहे का हे ठिपक्यांवरून धरू नका, ४ नंबरचे दोन्ही रॉकर एकदम झुलताना दिसले की १ नंबर फायरिंगवर. व्हॉल्व्ह क्लिअरन्सला नऊची बेरीज, ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा तेव्हा १ सेट करा, ६ उघडा तेव्हा ३, असं. इंजिन थंड, १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग).

गंगापूररोडची_एमजी:
टॅपेट जुनेच होते. दोघांच्या तळाला कडेने खड्डे पडायला लागलेत, आज काढले आणि हातात घेऊन बघितल्यावर वाईट वाटलं, पण नशीब कॅमचे लोब अजून ठीक आहेत. नवीन आठ मागवले. की वायरकटवर केली, पहिल्यांदा उलटीच बसली, १२२ आलं, काकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर सुटला नाही. उलटवून बसवल्यावर ७९ आणि १४२, म्हणजे साडे ११०. दोनदा मोजलं, तेच.

सातपूर_टूलरूम:
साडे ११० ला हात लावू नको. टॅपेटच्या तळाला आणि लोबला असेंब्ली पेस्ट भरपूर लाव, झिंक असलेलं तेल घाल. चालू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टरने ऑइल प्रेशर दिसेपर्यंत फिरव. चालू झाली की आयडलला ठेवू नको, सरळ २००० आरपीएमच्या आसपास नेऊन वीस मिनिटं तिथेच धर, कार्बोरेटर आणि इग्निशन आधीच जवळपास बरोबर असू दे. गरम व्हायला लागली तर बंद कर, थंड होऊ दे, परत तिथूनच.