उत्तर: मॅकार्थीचा गुडघा

वरती म्हटलंय की अमेरिकन फुटबॉलमधल्या (NFL) व्हायकिंग्ज टीमचा 2024 च्या ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्या) दहाव्या नंबरचा पिक पाण्यात गेला, क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) मॅकार्थीचं फाटलेलं मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) थोडं कापून टाकून त्याला त्याच सीझनला खेळवायला हवं होतं. अजिबात पटलं नाही. कापलं की लवकर मैदानात येतो हे खरंय, पण गुडघ्यातली ती गादी कायमची कमी होते आणि पुढे झीज मागे लागते, पोरगा तेव्हा फक्त 21 वर्षांचा होता राव! टाके घालून शिवलं म्हणजे 2024 चा सीझन गेला, वाईट मलाही वाटलं, कारण रेडर्स टीमविरुद्ध पहिल्याच प्रीसीझन (सीझनआधीच्या सराव) मॅचला 17 पैकी 11 पास पोचवले, 188 यार्ड, आधी इंटरसेप्शन गेलं (पास विरोधकाने पकडला) तरी बिचकला नाही, नंतर रिसीव्हर (पास झेलणारा) शेरफील्डला 45 यार्डांचा टचडाऊन काय सुंदर टाकला! आणि 2016 आठवा, व्हायकिंग्जचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ब्रिजवॉटर याचा गुडघा गेला तेव्हा घाईघाईत ड्राफ्टचा फर्स्ट राउंड पिक देऊन दुसरा क्वार्टरबॅक ब्रॅडफर्डला आणलं, सीझन 8-8 वर (8 जिंकले, 8 हरले) संपला, प्लेऑफ नाहीच. 2024 ला तर क्वार्टरबॅक डार्नल्ड मार्चपासूनच टीममध्ये होता, समोर जेफरसनसारखा रिसीव्हर होता, मग डार्नल्डलाच खेळू द्यायचं की. पोराला शिव्या घालणाऱ्यांनी जरा दमानं घ्या, मुद्दाम पाडून घेतलेला नाही त्याने गुडघा.