फायनल ड्राइव्हमध्ये पाणी शिरलंय, स्प्लाइन घरीच ग्रीस करायचे आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस, २०११ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. हिला चेन नाही; इंजिनची ताकद फिरत्या दांड्यातून (शाफ्ट) मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्यात, म्हणजे फायनल ड्राइव्हमध्ये, आणि तिथून चाकाला मिळते. मुक्काम ठाणे, नौपाडा.

जुलैत वंदना टॉकीजपाशी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली. पाणी मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंत होतं आणि घोडबंदरहून आल्यामुळे फायनल ड्राइव्ह तापलेला होता. तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. तसंच झालं असावं, कारण नंतर ड्रेन प्लग काढला तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं.

ते काढून नवं गिअर ऑइल (७५डब्ल्यू-९० जीएल-५) भरलं, मोजून १८० मिली, प्लग २० न्यूटन-मीटरला आवळला. काही आठवडे चालवून परत काढलं. या वेळी रंग बराच स्वच्छ होता, पण उजेडात धरल्यावर किंचित गढूळ वाटला. प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी लेप आहे, बोटांत चोळला तर मऊ लागतो, चकत्या किंवा कण नाहीत. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले (ढिलेपणा) नाही. म्हणजे क्राउन व्हीलचं (चाक फिरवणाऱ्या मोठ्या गिअरचं) बेअरिंग शाबूत आहे असं धरतोय. हा गढूळपणा आधीच्याच पाण्याचा उरलेला अंश असेल, की सील अजून पाणी घेतंय? हे कशावरून ओळखायचं?

जास्त काळजी वेगळीच आहे. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात, ज्यातून शाफ्ट जातो) आणि फायनल ड्राइव्हच्या मधला रबरी बूट सरकवून पाहिला तर आतून गंजकट तपकिरी पाणी आलं. गिअर ऑइलचा तो उग्र गंधकासारखा वास अजिबात नव्हता, म्हणून पिनियनचं (शाफ्टने फिरणाऱ्या लहान गिअरचं) सील ठीक आहे आणि पाणी बूटच्या कडेतूनच आत गेलंय असा माझा अंदाज. पण गंज आहे म्हणजे शाफ्टचे स्प्लाइन (टोकाचे, एकमेकांत बसणारे दात) कोरडे पडलेत. चेन असती तर कोरडी पडलेली रोज डोळ्यांना दिसली असती. इथे स्प्लाइन आतल्या आत झिजतात आणि दात गेले की भर रस्त्यात इंजिन फिरतं, चाक फिरत नाही.

एका वर्कशॉपने न उघडताच पूर्ण शाफ्ट बदलायला सांगितलं. खर्चाचं एक वेळ बाजूला ठेवू, पण साफ करून ग्रीस लावल्याने जे वाचू शकतं ते फेकायला माझं मन तयार नाही. शिवाय ही गाडी मला पुढची अनेक वर्षं ठेवायची आहे, तर हे काम स्वतःला यायलाच हवं.

माझा बेत असा: गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक काढायचं, कॅलिपर सोडवून तारेने वर टांगायचा म्हणजे ब्रेकच्या पाइपवर ताण नको, एबीएसचा सेन्सर जपून बाजूला, मग पॅरालिव्हरच्या (फायनल ड्राइव्हला धरून ठेवणाऱ्या) दांड्याचा मागचा बोल्ट काढून फायनल ड्राइव्ह हळूहळू खाली झुकवायचा. इथवर डोळ्यांसमोर स्पष्ट आहे. अडतंय पुढे. शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक आतल्या सर्कलिपवर (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर) बसलेलं असतं. ते कुठे टेकू देऊन सोडवायचं, आणि परत बसवताना नीट बसलं हे हाताला कसं कळतं? शाफ्टच्या दोन्ही क्रॉसची (वाकणाऱ्या सांध्यांची) एकमेकांशी असलेली दिशा बदलू नये म्हणून काढण्याआधी रंगाने खूण करणार आहे, तेवढं पुरे का?

दुसरं, ग्रीस. साधं व्हील बेअरिंगचं ग्रीस इथे फेकलं जातं, मोलिब्डेनमचं प्रमाण जास्त असलेली पेस्ट हवी. होंडाची मोली ६० बंद होऊन एम-७७ आली, ती ठाण्यात, वाशीत किंवा तुर्भ्यात कुणाला दुकानात मिळाली आहे का? टॉर्क रेंच नागदेवी स्ट्रीटवरून आणलाय, त्यामुळे चाकाचे पाच बोल्ट ६० न्यूटन-मीटरला नीट बसतील.

आणि बूट परत बसवताना कडेला सिलिकॉन ग्रीस लावावं का? पुढच्या पावसाळ्यात पाणी हमखास भरणार आहे, म्हणून विचारतोय.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करणार. खाली ताडपत्री आणि जुनं ऑइल कॅनमध्ये, या अटीवर सेक्रेटरी काकांनी रविवारची परवानगी दिली आहे. त्याआधी निदान ग्रीस आणि सर्कलिपचं कळलं तर सामान आणून ठेवता येईल. ऐरोली-घणसोलीकडे कुणी हे काम स्वतः केलं असेल तर मी येऊन बघायलाही तयार आहे.