पावसाळ्याची लाकडं शेजारचे नेतात, बोलावं कसं?

सड्यावरची
दापोली तालुक्यात गावी राहतो. आम्ही दोघं आणि सासूबाई, वय 81. गॅस आहे, स्वयंपाक त्यावरच. पण आंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर तापतं, भात उकडायचा तोही बाहेर. म्हणजे पावसाळ्याची लाकडं भरावीच लागतात. यंदा मार्चात छोटा हत्तीभर आकेशिया आणि काजूची छाटणी घेतली. लाकूड, भाडं, फोडणावळ धरून 6,200 रुपये झाले. चैत्र-वैशाखाचं ऊन खाऊन दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर ठण्ण वाजायच्या, इतकी सुकली. मांगराला टेकून छातीएवढी माच रचली, वर झापं घातली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माच एका कडेने बसल्यासारखी दिसायला लागली. यजमान म्हणाले, लाकूड सुकलं की आक्रसतं, माच खचतेच. पण गडग्याच्या, म्हणजे शेजारच्या दगडी कुंपणाच्या बाजूनेच आणि रोज वीतभर खचते, हे काही मला पटेना. खिडक्या रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट होता, त्याचे तीस-चाळीस लाकडांच्या बुडाला ठिपके दिले. चौथ्या दिवशी गडग्यापलीकडच्या काकींकडे विरजण मागायला गेले. न्हाणीची चूल पेटलेली. एका लाकडाचं पुढचं टोक जळत होतं आणि बाहेर राहिलेल्या टोकावर माझा निळा ठिपका. मी बघतेय हे काकींनी बघितलं. फुंकणीने लाकूड आत ढकललंन आणि विचारलंन, "चहा टाकू?"

मी चहा घेऊन परत आले. विरजण विसरले.

सासूबाईंचं म्हणणं, "लाकूडच नेलंन ना, सोनं नाही." पैशाचं मलाही फार नाही. पण जुलैत पैसे मोजूनसुद्धा सुकं लाकूड मिळत नाही. ओलं घातलं की घरभर धूर, डोळे चोळत बसा, आणि पाणी कोमटच. काकींच्या घरात मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. माणसं वाईट नाहीत, अडीनडीला धावून येतात. कुणाला असा अनुभव आहे का?

दगडोबा
सोपं आहे. जाडसं लाकूड बघून गिरमिटाने भोक पाडा, आत लवंगी फटाके भरा, वरून शेणमातीने लिंपा. एकदा चुलीत फाडफाड झालं की पुन्हा गडग्याकडे फिरकणार नाहीत. आमच्या आजोबांनी केलं होतं.

अर्धा वकील
दगडोबा, असलं काही सुचवू नका. चुलीपुढे माणूस तोंड खाली घालून फुंकत बसलेला असतो. उद्या डोळा गेला तर आरोपी सड्यावरची ताई. आणि घरात चार वर्षांचं पोर आहे, ते वाचलंत ना?

आता कायद्याचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम 303. माल 5,000 रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतील, न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास करणार नाहीत. पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. काकींना कुठलं अंगण झाडायला लावायचं ते ठरवून ठेवा.

शिवाय कुणी पाहणीला आलंच तर तुमची माचही बघणार. ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. विनापरवाना तोडीचं त्यातलं काही तुमच्याकडे निघालं, तर काकी बाजूलाच राहतील. 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली होती, तुमच्या गावची समिती जागी असेल तर बघा. आमच्याकडे ती फलकावर उरली आहे.

पाटलीणबाई
आमच्या कागलकडं जळण म्हणतात. माझ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, जायच्या. शेणींचा ढीग, आमचा हुडवा, लिंपून ठेवलेला, त्याला मागनं भगदाड! मी शहाणपणा केला. पाटीभर शेणी स्वतः डोक्यावर घेऊन गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "वैनी, कमी पडत असतील तर न्या की." चोरी थांबली त्या दिवशी. पण बाई सव्वा वर्ष बोलली नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही आली नाही. तिला चोरलेलं चालत होतं, दिलेलं नाही चाललं. तेव्हा ताई, जायचं तर एकटी जा, आणि तिची सून घरात नसताना जा. सुनेपुढं सासूची लाज काढली तर ती जन्मात विसरणार नाही.

गवतीचहा
शिमग्यात आम्ही पोरं होळीसाठी लाकडं पळवायचो. अख्खा गाव शिव्या घालायचा, तक्रार कुणी करायचं नाही. काकींना सांगा, शिमगा संपला.
बाकी माच गडग्यापासून लांब न्या आणि खाली चिरे घाला, नाहीतर उरलेलं वाळवी नेईल.

सड्यावरची
पाटलीणबाईंचं ऐकलं. काल सून कामावर गेल्यावर एकटीच गेले. काकींनी नाकारलं नाही. उलट मलाच विचारलंन, "निसर्ग वादळात आमचा रायवळ आंबा तुमच्या परसात पडला, तो कुणी जाळला?"

3 जून 2020. आम्ही तेव्हा ठाण्याला, टाळेबंदीत अडकलेले. इथे सासूबाई आणि एक गडी. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी येऊन विचारलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बुंधा त्यांनीच खोक्यांसाठी विकला. फांद्या आपल्या कौलांवर पडल्या होत्या. दोन पावसाळे पुरल्या."

"विचारलं होतंत त्यांना?"

"वीज नाही, फोन नाही, डोक्यावर कौल नाही. विचारत कोण बसतंय?" मग चार पाकळ्या सोलून झाल्यावर, "म्हणून तर तुला म्हटलं, लाकूडच नेलंन."

दोन पावसाळ्यांच्या फांद्या आणि यंदाचा जून, हा हिशोब मला जमत नाही. आज माच पडवीत हलवली, खाली चिरे घातले. गडग्याकडची एक रांग राहिली आहे. यजमान ती पण आणतो म्हणत होते. पाऊस लागलाय, राहू दे म्हटलं.

दगडोबा
माझ्या आजोबांचं अर्धंच सांगितलं होतं. ते लवंगीचं लाकूड गड्याने आमच्याच न्हाणीत लावलं. आजीचं लुगडं जळालं.